तीनशे फुटांचा दोर

आमच्या नेकनूरच्या बाजूला पोहायला विहिरीत शिकतात. पाठीला रिकामा प्लास्टिकचा डबा, कमरेला दोर आणि दोराचं दुसरं टोक काठावरच्या माणसाच्या हातात. तो काठावरचा माणूस वीसेक वर्षं मी होतो. शाळेतही मास्तर आणि सुट्टीत विहिरीवरही मास्तर. पोर गटांगळ्या खायला लागलं की ओढायचं, एवढी एकच विद्या माझ्यापाशी होती, पण रुबाब असा की जणू समुद्र मीच अडवून धरलाय. माझी मुलगीही सातव्या वर्षी याच पद्धतीने शिकली.

ती मोठी होऊन कोकणात समुद्राकाठच्या एका हॉटेलात नोकरीला लागली आणि तिथे तिला पतंगाचा नाद लागला. हा पतंग खोलीएवढा, हवा भरून फुगवायचा. त्याच्या चार दोऱ्या एका दांडीला, दांडी कमरेच्या पट्ट्याला अडकवायची, पायाखाली फळी घ्यायची आणि वाऱ्याच्या जोरावर पाण्यावरून पळायचं. दोन वर्षांत ती इतकी तयार झाली की तिथल्या शिकवणाऱ्यांनी तिला नोकरी सोडून आपल्यातच ये म्हटलं. फोनवर हे ऐकून मी म्हणालो, ज्या गावाला उन्हाळ्यात टँकर येतो तिथली पोरगी समुद्रावर लोकांना पाणी शिकवणार, हे चारचौघांत सांगू कसं? खरं म्हणजे चारचौघांचं मला काही नव्हतं. मला भीती वाटत होती. पण ते न सांगता मी नाही म्हणालो आणि फोन बायकोकडे दिला.

आषाढात ती पतंग पाठीला लावून घरीच आली. भांडली नाही. जेवताना म्हणाली, पतंग पाण्यात पडला तर माणूस कसा बाहेर येतो ते दाखवते, मग काय ते ठरवा. मीही मास्तरच, लगेच परीक्षा काढली. गावाबाहेरच्या तलावाच्या मध्यावर पतंग पाडायचा आणि कुणाच्याही मदतीशिवाय, एकटीने काठाला यायचं. आलीस तर जा, नाहीतर हॉटेल काय वाईट आहे. ती हो म्हणाली. भाकरी वाढता वाढता बायको मला म्हणाली, "मग शबूद फिरवायचा न्हाई."

आषाढात आमच्याकडे पाऊस येवो न येवो, वारा मात्र येतोच. डोंगरावर पवनचक्क्या काही शोभेला उभ्या केलेल्या नाहीत. मला वाटलं, पोरगी तलावावर गेल्या गेल्या पाण्यात शिरेल. ती अर्धा तास नुसती काठाने फिरली. बाभळी कुठे आहेत, शेतकऱ्यांच्या मोटारींच्या वायरी कुठे आहेत, सांडवा कुठे आहे. मूठभर माती हवेत सोडून ती कुठे उडते ते पाहिलं. शेवटी पाणी हटलेल्या जागेवरची गाळपेऱ्याची मोकळी जमीन तिने पसंत केली. तिथे वारा तलावावरून तिरका काठाकडे येत होता. काही बिघडलं तर हाच वारा मला इथे आणून सोडेल, म्हणाली. वारा काठावरून आत जात असता तर ती पाण्यात पायही घालणार नव्हती. न कळलेलं पोर वर्गात मान हलवतं तशी मी हलवली.

मग मी पिशवीतून दोर काढला. बोअरमध्ये मोटर सोडायचा नायलॉनचा, तीनशे फुटांचा. तिच्या कमरेला बांधायला आणला होता. ती आधी हसली, मग मला शांतपणे समजावलं. पतंग पुढे ओढणार आणि दोर मागे धरणार, तर मधल्या माणसाचं काय होईल? शिवाय दोऱ्यांत दोर गुंतला की सुटायची वाट बंद. तिच्या पट्ट्याला एक लाल खटका होता. तो ढकलला की पतंगाचा जोर जातो. अंगात तरंगतं जाकीट होतं आणि छातीशी आकड्यासारखी छोटी सुरी, गुंतलेली दोरी कापायला. पतंग पडला तरी तो सोडून पोहत सुटायचं नाही, तो बुडत नाही, त्याला धरून राहायचं, हेही तिने सांगितलं. हात डोक्यावर ठेवला तर ठीक आहे समजायचं, दोन्ही हात हलवले तर मदत पाठवायची. मी दोर पिशवीत परत ठेवला नाही.

पाण्यावर तिने दोन फेऱ्या अशा मारल्या की माझा ऊर भरून आला, हे मान्य करतो. मग मध्यावर जाऊन तिने पतंग पाडला आणि हात डोक्यावर ठेवला. ते मी पाहिलं. पण पुढे ती खाली वाकून भराभर हात फिरवायला लागली. दोऱ्या दांडीला गुंडाळत होती, हे आता कळतं. तेव्हा मला फक्त गटांगळ्या दिसल्या.

"हात डोस्क्यावर ठिवलाय की तिनं," बायको म्हणाली.

काठाला मासे धरणाऱ्याची काहिल पडली होती. गूळ कढवायची ती जुनी कढई हीच आमच्याकडची नाव. मी दोर स्वतःच्या कमरेला बांधला, दुसरं टोक बायकोच्या हातात दिलं आणि काहिलीत बसलो. काहिलीला पुढचं तोंड नसतं. वारा समोरून, मी वल्हं मारतोय आणि ती गोल फिरतेय. पोरीला वाचवायला निघालेला मी दोनदा बायकोकडे तोंड करून बसलो होतो. तरी नेटाने आत गेलो, आणि तीनशे फूट संपले. कमरेला हिसका बसला, काहिल कलली आणि मी पाण्यात.

बायकोने मीच शिकवलेलं केलं. ओढलं. दोराचे दोन वेढे माझ्या पायांना बसले होते. ती ओढी तसे पाय वर आणि डोकं खाली. थांब म्हणायला मी हात वर केला की ती आणखी जोराने ओढी. पट्टीचा पोहणारा म्हणून पंचक्रोशीत नाव होतं माझं, आणि मी मरतोय याबद्दल मला शंका राहिली नाही.

तेवढ्यात लाल पतंग शेजारी आला. पोरगी त्याच्या फुगलेल्या नळीवर पोट टेकून, एक टोक शिडासारखं वर धरून वाऱ्याबरोबर येत होती. आईला तिने दोर सोडायला सांगितलं, आकड्याच्या सुरीने माझे वेढे कापले आणि माझे हात त्या नळीवर ठेवले.

"आबा, पोहू नका. हितं धरा आन् दम घ्या निस्ता."

मी धरलं. ती टोक वर धरी, थोडं वळवी, आणि वारा आम्हाला हळूहळू काठाकडे लोटत होता. बराच वेळ लागला.

काठावर बायकोचे तळहात दोराने सोलले होते. माझी ओकारी थांबल्यावर ती म्हणाली, "कोन कुनाला काढाया गेलतं?" आणि पदर तोंडाला लावून हसता हसता रडायला लागली.

आणि मी? सांगायला लाज वाटते, पण नाकातलं पाणी जायच्या आत माझ्या मनात आलं, की पोरगी एकटी बाहेर आलेली नाही. अट एकटीची होती. मला शब्द न फिरवता नाही म्हणता येत होतं.

ते तीच बोलली. पतंगावरची माती निरपत म्हणाली, "आट एकटीनं यायची व्हती, आबा. एकटी न्हाई आले मी. वारा हाय आजून. परत जाऊ का?"

मी तिच्याकडे पाहिलं. सात वर्षांची असताना विहिरीतून बाहेर आल्यावर ती असंच विचारायची, परत जाऊ का.

"नको," मी म्हणालो. "मी पोरायला निस्तं दोरानं वढलं. दोर सोडायला तू शिकिव. जा."

आठ दिवसांनी मांजरसुंब्याला तिला बसमध्ये बसवून दिलं. खिडकीपाशी उभा राहून मी तिला बजावलं की वारा काठावरून आत जात असला तर पाण्यात पाय घालायचा नाही. कुठल्याशा जुन्या अनुभवाचं सांगावं तसं मी ते सांगितलं, आणि तिनेही पहिल्यांदाच ऐकत असल्यासारखं ऐकून घेतलं.