आत्याच्या आवाजासाठी माईक

नगरच्या डॉक्टरांनी आत्याच्या गळ्यातली गाठ दाखवली आणि ऑपरेशन करावंच लागेल म्हणाले. आवाज जाणार नाही, पण पूर्वीसारखा वर चढेल याची खात्री नाही. आत्याने विचारलं, "भाकरी गिळता यील ना?" पाथर्डीकडच्या आमच्या भागात ऊसतोड बायांच्या मोर्चात गाणं उचलायची ती आत्याच. गाणीही तिनेच बांधलेली, कागदावर एकही नाही. ऑपरेशनला अकरा दिवस होते.

मी पत्रकांच्या घरात वाढले. वडील चळवळीतले, पाहुणा आला की चहाआधी त्याच्या हातात पत्रक पडायचं. माझ्या पहिलीच्या पुस्तकाचं कव्हरसुद्धा गुलाबी पत्रकाचं होतं, वर ठळक 'चलो तहसील कचेरी'. त्यामुळे मला मागणी करता येते, विचारपूस करता येत नाही. पुढाऱ्यांची भाषणं स्वच्छ रेकॉर्ड होतात आणि बायांची गाणी मोबाईलवर, गोंगाटात, अर्धीमुर्धी, याचा माझ्या मनात जुना राग होता. मी ठरवून टाकलं, आत्याचा आवाज एकटा आणि स्वच्छ रेकॉर्ड करायचा. आत्याला विचारलं नाही.

दवाखान्यातून तडक दुकानात गेलो. माझ्याजवळ चार हजार रुपये होते. तेवढ्यात बसणारे दोन माईक दुकानदाराने काढले, दोन्ही सरळ लॅपटॉपला लागणारे. एक डायनॅमिक, तोंडाजवळ धरला की तेवढंच ऐकणारा. दुसरा कंडेन्सर, समोरचं बारीकसारीक सगळं टिपणारा.

"गाणार कोण, ताई? तुम्ही?"

"माझी आत्या."

त्याने आत्याकडे पाहिलं. "मग मोबाईल पुरे की. थोडा एको मारला की झालं."

"साहेबलोकांनाही हेच सांगता का?"

आत्याने माझा दंड धरला. "भांडायला आली का माईक घ्यायला?"

हेडफोन लावून मी दोन्ही तपासले. कंडेन्सरमधून आत्या ऐकू येत होती, पण छताचा पंखा, रस्त्यावरची रिक्षा आणि दुकानदाराच्या कपातला चमचाही. डायनॅमिकमधून फक्त आत्या. मी डायनॅमिक घेतला. पिशवी छातीशी धरून एसटीत बसले तेव्हा एक लढाई जिंकल्यासारखं वाटत होतं.

दुसऱ्या दिवशी घराची खिडकी लावली, दाराला गोधडी टांगली आणि आत्याला माईकसमोर बसवलं. तिने डोळे मिटून गाणं उचललं. "कोयता माझा, हात माझा, मोळी माझी, भाव..." आणि थांबली. मग पुढची ओळ.

मोर्चात 'भाव' म्हणून ती श्वास घेते आणि शेपन्नास बाया ओरडतात, "तुमचा!" हेडफोनमध्ये तिथे काहीच नव्हतं. कोयता माझा, हात माझा, मोळी माझी, भाव. जणू भावही आमचाच! सगळा आरोप गळून पडला होता.

"आत्या, 'तुमचा' पण तूच म्हण ना."

"तो शब्द बायांचा हाय. मी का म्हनू?"

"एकदा म्हणून तर बघ."

तिने म्हणून पाहिलं. श्वास घ्यायला जागा उरेना, तिसऱ्या ओळीला खोकला आला. ती पाणी प्यायली आणि म्हणाली, "पोरी, एकटीनं म्हनायचं गानं न्हाई ते. एकटी बाई भाव इचारती व्हय कुनाला?"

मला वाईट वाटलं ते आवाजाचं नव्हे. या गाण्यांमागे वीस वर्षं मी चालले होते, 'तुमचा' ओरडत होते, आणि माईक घेताना मला एका माणसापलीकडे काही सुचलं नव्हतं. पुढाऱ्यांवर रागावले होते आणि आत्याला नेमकं पुढाऱ्यासारखं एकटं बसवलं होतं.

माईक बदलून घ्यायला परत नगरला गेले. खोकं धड होतं म्हणून दुकानदाराने तो परत घेऊन कंडेन्सर दिला, पण गालात हसला. "यात पंखा ऐकू येतो म्हणाला होतात ना?"

"पंखा बंद करू," मी म्हणाले. नवं खोकं पिशवीत घातलं.

दोन दिवसांनी वस्तीवरच्या आठ बाया कामावरून आल्या. कंडेन्सर पाठीमागचं फारसं ऐकत नाही, म्हणून त्याची पाठ भिंतीकडे केली आणि समोर अर्धगोल करून सगळ्यांना बसवलं. आत्या मधे, हातभर पुढे. मी कोपऱ्यात कानाला हेडफोन लावून.

"डाक्टरीनबाई," एकजण म्हणाली, "कुनाची छाती तपासताय?"

"हिचं बरंय," दुसरी म्हणाली. "आमी वरडायचं, हिनं ऐकायचं."

मी हेडफोन काढले आणि त्यांच्यात जाऊन बसले. रेकॉर्डिंगमध्ये बांगड्या आहेत, एक मोटारसायकल आहे, दोन ठिकाणी हसू आहे. आत्याचा आवाज शेवटच्या कडव्यात छपराच्या पत्र्याला जाऊन भिडतो. तो तसा पुन्हा निघाला नाही.

ऑपरेशन नीट झालं. नंतर आवाज आला तो जाडसर, खालचा. आत्या भाकरी गिळते, भांडते, पण गाणं उचलत नाही. या वर्षी तहसीलसमोर ते वस्तीवरच्या एका नव्या सुनेने उचललं. रेकॉर्डिंग मोबाईलवर ऐकून ऐकून शिकली होती. 'भाव' म्हणून ती नेमकी थांबली, कारण बायांचा आवाज कुठे उठतो ते तिने ऐकलेलं होतं.

आत्या माझ्या शेजारी दुसऱ्या रांगेत बसली होती. सगळ्यांबरोबर 'तुमचा' ओरडून झाल्यावर कानाशी म्हणाली, "लई वर धरलंय तिनं. तिसऱ्या कडव्याला दमंल."

"सांगू का?"

"आता मधीच न्हाई सांगायचं. सांच्याला घरी ये म्हनावं."