एकविसावा दाणा

कुंदा मॅडम साठ वर्षांच्या झाल्या यावर आमच्या प्रयोगशाळेत कोणाचा विश्वास बसत नाही, माझा तर मुळीच नाही. त्या गोंदियाच्या आमच्या औषधनिर्माण महाविद्यालयात रुजू झाल्या तेव्हा मी तिथे काचभांडी धुणारा परिचर होतो, सातवी शिकलेला. पहिल्याच दिवशी एक फ्लास्क उजेडाकडे धरून त्यांनी विचारलं, "हा कोणी धुतला?" मला वाटलं, आता बोलणी बसतात.

"मीच जी."

"मग आजपासून माझ्या कामाला तुम्हीच, गजाननभाऊ."

त्या आमच्याच जिल्ह्यातल्या गोरेगावच्या, मी कामठ्याचा. एवढी ओळख पुरली.

मॅडमचं काम चरबीच्या अतिसूक्ष्म पिशव्यांचं. त्यांना लायपोसोम म्हणतात. त्यांच्या पोटात औषध भरून ते शरीरात पाठवायचं. पण आपोआप झालेल्या पिशव्या बाजारातल्या वांग्यांसारख्या लहानमोठ्या निघतात. त्या सारख्या व्हाव्यात म्हणून ते दुधाळ पाणी डाव्या सिरिंजमधून बारीक छिद्रांच्या पडद्यातून उजव्या सिरिंजमध्ये ढकलायचं, मग परत डावीकडे. अशा एकवीस फेऱ्या. एकवीसच कशाला, हे मॅडमनी मला बरोबरीच्या प्राध्यापकाला सांगावं तसं सांगितलं, "डावीकडे न गाळलेलं थोडं चिकटून राहतं, भाऊ. म्हणून शेवटी माल उजवीकडूनच निघाला पाहिजे."

जोर एकसारखा लागतो, नाहीतर पडदा फाटतो. माझा हात त्यावर बसला. मोजणी मात्र बोलता बोलता चुकायची, म्हणून मी धानाचे एकवीस दाणे वाटीत घ्यायचो आणि फेरी झाली की एक दाणा दुसऱ्या वाटीत टाकायचो. बाहेरून आलेले परीक्षक हसले तेव्हा मॅडम म्हणाल्या, "हसू नका. लाइट गेली तरी चालणारं यंत्र आहे ते."

त्याच यंत्राने एकदा घात केला. मॅडमची विद्यार्थिनी, केशोरीची रेखा, तिचा प्रबंध अडला होता. पिशव्यांचं माप घेणारं यंत्र नागपूरला, तिथे महिनोन्महिने थांबून नंबर लागलेला, आणि आमच्याकडे पडदा शेवटचा. मी फेऱ्या केल्या, पहिली वाटी रिकामी झाली, माल बाटलीत भरला. हात धुताना बाहीच्या घडीतून एक दाणा टपकला. तेव्हा आठवलं, माल मी डावीकडून काढला होता.

रेखा प्रवासाची पिशवी घेऊन दारात. "काका, बाटली द्या ना, गाडी सुटून राहिली!"

कोणी पाहिलं नव्हतं. माझी नोकरी तेव्हा कायम झाली नव्हती. तरी तोंडून निघून गेलं, "मॅडम, वीसच झाल्या."

"काका, काऊन असं केलं? माहा नंबर गेला ना!" रेखा रडायलाच लागली.

मॅडमनी एवढंच विचारलं, "पडदा शाबूत आहे?"

"हो जी."

"मग सिरिंजा धुवा. रेखा, रडायला गाडीत वेळ मिळेल, आता दाणे मोज."

गाडी गेली. मॅडमनी नागपूरला फोन करून विनवणी केली, नंबर संध्याकाळवर ढकलून घेतला. रेखाने दाणे मोजून दिले, मी पुन्हा एकवीस फेऱ्या केल्या आणि त्या दोघी पुढच्या गाडीने गेल्या. मापाच्या आलेखावर एकच बारीक उंचवटा आला, म्हणजे पिशव्या सगळ्या सारख्या. रेखाचा प्रबंध पार पडला.

मला धास्ती प्रयोगवहीची होती. मॅडमनी ती माझ्यासमोर ठेवली. लिहिलं होतं, 'पहिल्या वेळी वीसच फेऱ्या झाल्या. मोजणीची पद्धत मी मान्य केली होती. चूक माझी.' खाली त्यांची सही.

"असं काऊन लिहिलं जी?"

"आधी मीच दाणे मोजून घ्यायला हवे होते. आता पुढचं तुम्ही लिहा, दाणे सुरुवातीला आणि शेवटी, दोन्ही वेळा मोजायचे." त्या वहीत माझं अक्षर पहिल्यांदा उमटलं ते असं. पुढे नोकरी कायम झाली, तेव्हा मॅडमनी शिफारशीला तेच पान जोडलं होतं.

आज त्यांची साठावी फेरी पुरी झाली. पहिल्या वाटीत अजून पुष्कळ दाणे असोत, प्रकृती ठणठणीत असो आणि हात असेच शिकवत राहोत. फक्त ते दाणे मोजायचं काम कोणी माझ्याकडे देऊ नये.