बाबांची कूस बदलताना

सानगडीत आमच्या घरामागच्या शेडमध्ये मी पोरापोरींना ग्रॅपलिंग शिकवतो. म्हणजे दोघं खाली लोळल्यावर जी कुस्ती चालते ती. बाबा जुने मातीतले पैलवान. पहिल्यांदा पाहिलं तेव्हा हसून म्हणाले, "उभ्यानं पाडता येत नाही म्हणून झोपून लढून राहिले काय बे?" पण दुसऱ्या दिवशी स्वतःच शेडमध्ये हजर. व्यायामासाठी मी पोत्यात गच्च वाळू भरत होतो, ते त्यांना पटेना. "अर्धंच भर. भरलेलं पोतं कोणीही उचलते. अर्धं हातातून घसरते. खाली पडलेला माणूस तसाच घसरते."

बरोबर होतं. तेव्हापासून पोरं अर्धं पोतं छातीशी कवटाळून उठतात, मानेवर कमान करतात, छताच्या बल्लीला बांधलेल्या दुपट्ट्याला लोंबकळून पकड पक्की करतात. जमिनीवर ताकद लागते ती कंबरेची आणि बोटांची, दंडाचे गोळे फोटोपुरते. हे मी त्यांना मोठ्या ऐटीत सांगायचो.

या हिवाळ्यात बाबांना लकवा मारला. डावं अंग गेलं, बोलणं गेलं. ते सतत डाव्या कुशीवर पडून राहायचे. आरोग्य केंद्रातल्या सिस्टर म्हणाल्या, "कूस बदलत राहा, पाठीवरही झोपवा. नाहीतर जखम होईल, मग ती आवरणार नाही." खुब्यावर लाल चट्टा आलाच होता. मला काम सोपं वाटलं. समोरच्याला उताणं करणं हाच तर माझा धंदा.

बाबा उताणे होईनात. खांद्याला हात लावला की त्यांचा उजवा हात खाटेची लोखंडी पट्टी पकडायचा आणि सोडायचाच नाही. आधी वाटलं, दुखत असेल. मग त्यांचे डोळे पाहिले. पैलवानाची पाठ टेकली की कुस्ती संपली. जन्मभर जे टाळलं, ते आता पोटचा पोरगा घरातल्या घरात करू पाहत होता. मी समजावलं, रागावलो, एकदा तर ओरडलो, "बाबा, ही कुस्ती नाही!" शेवटी त्यांचं एकेक बोट सोडवून त्यांना वळवायचो. आई दारातून म्हणायची, "हळू कर गा. बाप होय तो, पोतं नोहे."

तिला काय सांगू? चट्टा फुटला होता. बाबांचं ऐकावं तर जखम वाढते, न ऐकावं तर त्यांच्या डोळ्यांतून पाणी येतं. इतकी वर्षं कमावलेली ताकद त्यांना उठवायच्या कामाची नव्हती, समजवायच्याही नाही. फक्त त्यांना हरवायला पुरत होती. मला माझ्याच हातांचा राग यायचा.

परवा सकाळी खांद्याला हात लावला आणि बाबा सहज वळले. पाठ टेकली. श्वास चालू होता, डोळे उघडे होते, उजवा हात मात्र पोटावर तसाच पडून राहिला. घाईघाईनं मी त्यांना परत कुशीवर घेतलं, त्यांचा हात पट्टीवर ठेवला, बोटं मिटली, वरून माझी मूठ आवळली. "धरा ना बाबा. धरा." मी मूठ सोडली तशी बोटं घसरली.

चुलीपाशी बसलेली आई म्हणाली, "आज लवकर झालं गा तुमचं. आयकून राहिले वाटते बाबा आता."

मी हो म्हणालो.