पंखातले पाच दाणे

ये, जवळ सरकून बस. तू मेहरूणला आणि मी इथे धुळ्याला, तरी बस. कागदावर का होईना, बस. आधी थोडं रागावून घेते, मग गोड बोलेन. परवा लग्नात तुझ्या सासूबाई भेटल्या आणि चारचौघींत म्हणाल्या, "तुमची नात सांगत होती, लढाईच्या वेळी तुम्ही विमान चालवायच्या." पंगतीतल्या सगळ्या बाया जेवायच्या थांबल्या. एकीने तर वाकून माझ्या पायांकडे पाहिलं, बूट आहेत का ते बघायला. पोरी, असं सांगतात का कुठे? मी विमान चालवलं नाही. विमानात पाऊलसुद्धा ठेवलं नाही. मी विमान शिवलं.

हसू नकोस. तेव्हा, इंग्रजांच्या राज्यातल्या त्या मोठ्या लढाईत, शिकाऊ विमानांचे पंख कापडाचे असायचे. आत लाकडाच्या बारीक पट्ट्यांचा सांगाडा, आपल्या पतंगाच्या कामट्या असतात तसा, आणि त्यावर डफासारखं ताणून शिवलेलं कापड. कापडावर एक चिकट पाणी फासायचे, त्याला पिकून काळ्या पडलेल्या केळ्यांचा वास. पहिले आठ दिवस डोकं धरायचं. त्या वासावर उतारा म्हणून आम्हाला रोज एक पेला दूध मिळायचं, आणि ते तिथेच उभं राहून प्यावं लागायचं, कारण बाया ते घरी पोरांसाठी नेतात हे त्यांना कळून चुकलं होतं.

गावाबाहेरच्या माळावर पत्र्याची मोठी शेड उभी राहिली होती. मोडके पंख मालगाडीने यायचे, शेडमध्ये नीट व्हायचे आणि तिथूनच विमानं उडून जायची. शिवणकाम येणाऱ्या बाया हव्यात अशी दवंडी पिटली. तुझ्या आजोबांनी कापसातली सरकी काढायच्या जिनात जन्म काढला, कापसाची तुसं छातीत बसली, त्या वर्षी ते खाटेवरून उठेनात. घर चालवायचं होतं. मी गेले.

शेडचा मुख्य मिस्त्री नगरकडचा सुतार होता. पन्नाशीचा, कानावर पेन्सिल, बोलणं हळू. त्याने मला हातभर कापड दिलं आणि म्हणाला, "अक्का, शिवून दाखवा." मी शिवलं. त्याने सुलटी बाजू पाहिलीच नाही, कापड उलटं केलं आणि उजेडात धरलं.

"गोधड्या शिवता?"

"लहानपणापासून."

"मग हात आहे. आता फक्त घाई विसरा."

या कामाची माझी शाळा ती एवढीच. पण त्या माणसाने मला जे शिकवलं ते शाळेत गेलेल्यांनाही कुणी शिकवलं नसेल. मेण लावलेला दोरा, वीतभर लांब सुई, पंखाच्या वरून खुपसायची आणि खालून काढायची, प्रत्येक टाक्याला गाठ. एक टाका तुटला तरी शेजारचा उसवता कामा नये. तो म्हणायचा, "वर गेलेला माणूस तुमच्या गाठीवर बसलेला असतो." चुकलं की ओरडायचा नाही. कात्री पुढे करायचा. ती कात्री दिसली की आपणच टाके उसवायला घ्यायचे.

माझ्या समोर सातपुड्याच्या पायथ्याची एक बाई बसायची. पंखाच्या एका अंगाला मी, दुसऱ्या अंगाला ती. मी सुई खुपसायची, तिने ओढून परत पाठवायची. दिवसभर आम्ही एकमेकींना तोंडाने थोडं आणि दोऱ्याने जास्त बोलायचो. माझे डोळे तेव्हाच अधू होत चालले होते, सुईत दोरा तीच ओवून द्यायची. वयाने माझ्याएवढीच, पण मला अक्का म्हणायची आणि वर, "अक्का, तुझ्यापेक्षा माझी म्हैस बरी बघते," हेही म्हणायची.

तीन-चार महिन्यांनी मिस्त्रीने मला शेवटची शिवण दिली. पंखाचा सगळा घाट पुरा झाला की एक कोपरा उघडा राहतो, तो बंद करायचा. ते काम भरवशाच्या हाताला मिळतं. आणि नेमकी तिथेच मी चुकले.

आपल्याकडे गोधडी पुरी होताना काय करतात ते तुला ठाऊक आहे. शेवटचा कोपरा शिवायच्या आधी त्यात ज्वारीचे पाच दाणे टाकायचे. मला आईने शिकवलं. मी सात-आठ वर्षांची असताना कोपरा तसाच शिवून टाकला, तर तिने उसवायला लावला. म्हणाली, "उपाशी कसी धाडस व माय?" गोधडी परक्याच्या अंगावर जाणार, जन्मभर त्याला ऊब देणार, तिला रिकाम्या पोटी घराबाहेर काढू नये. मग सांग, गोधडी फार तर शेजारच्या गावात जाते तरी तिला घास, आणि हा पंख कुठल्या कुठे जाणार, आईबापाचं एक लेकरू पाठीवर घेऊन. त्याला उपाशी कसं धाडायचं? मी पदराच्या गाठीला दाणे बांधून न्यायची. कोपरा बंद करताना पाच दाणे आत. कुणाला विचारलं नाही. यात विचारण्यासारखं काही आहे हेच मनात आलं नाही.

असे सात पंख झाले.

एके दिवशी सकाळी शेड उघडली, तर भिंतीला टेकवलेल्या पंखाचा कोपरा उंदराने कुरतडलेला. दोन बोटं जातील एवढं भोक, खाली कापडाचा भुगा आणि ज्वारीची टरफलं. मिस्त्री खाली बसला, टरफल बोटावर घेतलं. त्याचा आवाज एरवीच हळू, तो आणखी खाली गेला. "शेडमध्ये कुणी भाकरी आणली?"

शेडमध्ये खाणं आणायला बंदी होती. सगळ्यांच्या शिदोऱ्या बाहेर झाडाला टांगलेल्या असायच्या. पण माझ्या समोरच्या त्या बाईची शिदोरी कुत्र्यांनी दोनदा नेली होती, म्हणून गेले पंधरा दिवस ती आमच्या टेबलाखाली ठेवत होती. मिस्त्रीने वाकून पाहिलं, तर फडक्यात ज्वारीची भाकरी.

तो म्हणाला, "बाई, मला साहेबांना सांगावं लागेल. उद्यापासून येऊ नका."

तिने फडकं बांधलं. एकदा माझ्याकडे पाहिलं. तिला माहीत होतं. माझ्या समोर बसून सातही वेळा तिने मला दाणे टाकताना पाहिलं होतं. तरी माझं नाव न घेता ती निघाली.

आणि मी, तुझी आजी, गप्प बसले. हे लिहायला लाज वाटते, पण लिहिते. मला खाटेवरचे तुझे आजोबा दिसत होते. मी मनाशी म्हटलं, तिला बहिणीचा आधार आहे, आपल्याला कोण आहे? दुपारपर्यंत मी टाके घातले. सुईत दोरा ओवायला कुणी नव्हतं.

दुपारी मिस्त्रीने आम्हा सगळ्यांना एका उघड्या पंखापाशी बोलावलं. आत तारा होत्या, आणि त्या लहान चाकांवरून सरकत होत्या, विहिरीवरच्या रहाटासारख्या. तो म्हणाला, "मी रागावलो ते उंदरासाठी नाही. पायलट आपला दांडा वळवतो, ही तार सरकते, तेव्हा पंख ऐकतो. या चाकात खडा अडकू दे, दाणा अडकू दे, पंख ऐकणार नाही. मग वरचा माणूस काय करेल?"

तेवढ्यात डोक्यावरून विमान गेलं. पत्रे थरथरले. त्या विमानाचा डावा पंख मी बंद केला होता.

मी पुढे झाले. म्हटलं, "मिस्त्री, दाणे त्या बाईचे नाहीत. माझे आहेत. आणि एका पंखात नाहीत. सात पंखांत आहेत."

"पडले?"

"टाकले. उपाशी जाऊ नयेत म्हणून."

त्याने कानावरची पेन्सिल काढली. मग विचारलं, "किती?"

"पाच-पाच."

"मोजून?"

"मोजूनच."

"मोजून चुकलात ते बरं केलं," तो म्हणाला. "मोजून काढता येतील." आणि तो पन्नाशीचा माणूस मैदानाकडे पळत सुटला.

मैदानात पांढऱ्या कापडाच्या पट्ट्या पसरल्या, खाली उतर अशी ती खूण. विमान लांब लळिंगच्या किल्ल्याच्या बाजूला ठिपक्याएवढं दिसत होतं. मी उन्हात उभी. देवाचं नाव तोंडात येईना. फक्त पाच, पाच, पाच एवढंच येत होतं. कुणीतरी माझा हात धरला. बघते तर तीच. मिस्त्रीने फाटकावर माणूस पाठवून तिला गाठलं होतं. ती बाहेर कडुलिंबाखाली बसून होती, गेलीच नव्हती.

मी म्हटलं, "गेली का नाहीस?"

"तू बोलशील हे ठाऊक होतं अक्का. पण दुपार केलीस."

एवढंच. त्यानंतर ते वाक्य तिने पुन्हा कधी काढलं नाही. मी मात्र रोज ऐकते.

विमान उतरलं. पायलट बडोद्याकडचा, कोवळ्या मिशांचा. मी त्याच्या पायांशी वाकणार तर तो मागे सरला. मिस्त्रीने सगळं सांगितलं. त्याने टोपी काढली, घाम पुसला आणि मला म्हणाला, "मावशी, म्हणजे मी सकाळपासून उपाशी आणि पंख जेवून निघाला होता?"

कोपरा मीच उसवला. हात आत घातला. एक, दोन, तीन, चार. पाचवा मिळेना. मिस्त्री पंखाखाली उताणा झोपला, खांद्यापर्यंत हात आत घालून चाचपत राहिला. बऱ्याच वेळाने बाहेर आला. दाणा चाकाच्या कडेला खाचेत बसला होता, अर्धा फुटलेला. त्याने तो माझ्या तळहातावर ठेवला. कात्री पुढे केली नाही. तेव्हा मी रडले.

शेडचा गोरा साहेब आला. मला वाटलं, आता दोघीही घरी. मिस्त्री त्याच्या पुढ्यात उभा राहून म्हणाला, "टाका मी शिकवला. तिचा हात आधी काय करत होता ते मी विचारलं नाही. अर्धी चूक माझी लिहा." साहेबाने लिहिलं की नाही ते मला माहीत नाही. आम्हाला हुकूम मिळाला तो असा की सातही पंख ह्या दोघींनीच उसवायचे आणि ह्या दोघींनीच शिवायचे. उंदराने नेलेले सोडून बाकी सगळे दाणे मिळाले. बाकीची विमानं अजून माळावरच होती, ती शेवटचा दाणा मिळेपर्यंत उडाली नाहीत.

मग मिस्त्रीने एक बिस्किटांचा रिकामा डबा आणला, शेडच्या दाराबाहेर फळीवर ठेवला, गच्च झाकणाचा. मला म्हणाला, "अक्का, घास द्यायचा तर इथे द्या. पंखाच्या नावाने. पोचेल." मी त्याच्याकडे पाहिलं, थट्टा करतो का म्हणून. करत नव्हता. त्या दिवसापासून पंख पुरा झाला की मी डब्यात पाच दाणे टाकायची. मग ती बाई टाकू लागली. मग पंखांना ते चिकट पाणी फासणारे. पायलट जाताना खिशात हात घालून मूठभर टाकायचा, पाचच टाक म्हटलं तर म्हणायचा, "माझी भूक मोठी आहे मावशी." किडे लागू नयेत म्हणून मी त्यात लिंबाचा पाला घालून ठेवायची.

लढाई संपली. शेड मोडायला निघाली तेव्हा डबा तोंडापर्यंत भरला होता. मी तो घरी आणला, जात्यावर दळला आणि दुसऱ्या दिवशी भाकऱ्या करून नेल्या, सोबत लसणाची चटणी. सगळ्यांना एक-एक तुकडा आला. मिस्त्रीने भाकरी उलटी करून पाहिली, उलटी बाजू बघायची सवय. म्हणाला, "हात आहे." पायलट म्हणाला, "मी आणि पंख, आज दोघंही जेवून चाललो."

मी त्यांच्यापैकी कुणाचे आभार मानले नाहीत. आपल्यात कुठे मानतात? आभार मानले की माणूस परका झाल्यासारखं वाटतं. पण आता वाटतं, निदान कुणाला तरी सांगावं. मिस्त्रीने अर्धी चूक उचलली. पायलटने मला हसवलं, ज्या दिवशी त्याने शिव्या द्यायच्या होत्या. आणि ती माझी जोडीदारीण लिंबाखाली बसून राहिली, मला खरं बोलायला वेळ दिला. त्यांच्यामुळे मी चुकलेली बाई म्हणून घरी आले नाही, शिवणारी बाई म्हणून आले. सासूबाईंना हे सांग. चालवलं म्हणू नकोस.

आणि एक. तुझ्या बाळंतपणासाठी गोधडी शिवायला घेतली आहे, माझ्या दोन जुन्या लुगड्यांची. तीन कोपरे झाले. चौथा उघडा ठेवला आहे, त्यातले दाणे तुझ्या हातचे हवेत. डोळे आता फारच अधू झालेत, दोराही तूच ओवशील. तेव्हा लवकर ये. उघडा कोपरा फार दिवस ठेवता येत नाही, घरात उंदीर झालेत.