धोंडू गुरवाचं डावं अंग

“गंगारामाला सांग, हात काढ म्हनावं माज्या अंगावरचा.”

मथुरेनं वळून बघितलं. पडवीत नवऱ्याशिवाय कुणी नव्हतं. गंगाराम, नवऱ्याचा चुलतभाऊ, त्या वेळी देवळात पूजेला गेलेला.

“कुनाचा हात?”

“हा, पोटावर पडलाय तो. जड हाय गो मेल्याचा.”

तो हात तिच्या नवऱ्याचाच, धोंडू गुरवाचाच होता, डावा. मनगटात तांब्याचं कडं होतं, धोंडूच्या बापानं घातलेलं. मथुरेनं ते दाखवलं. धोंडूनं उजव्या हातानं चाचपलं, जरा विचार केला आणि म्हणाला, “माजं कडं ह्यानं कदी घातलान?”

मथुरा चुलीकडं गेली आणि तिथं कशाला आलो तेही विसरली.

मिठाचा सत्याग्रह झाला त्याच्या आदल्या दसऱ्याला धोंडू पडला. सोनं वाटून घरी आला आणि उंबऱ्यातच वाकडा झाला. बैलगाडीत घालून त्याला पावसच्या अलीकडच्या कातळी सड्यावरनं रत्नागिरीला नेला. डॉक्टरांनी गुडघ्यावर लहानसा हातोडा मारून बघितला, तळव्याला टाचणी टोचली. “मेंदूतली शीर फुटलीय,” ते म्हणाले. “उजव्या बाजूची. म्हणून डावं अंग गेलं.”

उजवीकडं फुटलं आणि डावीकडचं गेलं, हे मथुरेच्या डोक्यात काही बसेना. तिनं औषध विचारलं.

“ह्याला बाटलीतलं औषध नाही, बाई. चोळा. हातपाय हलवत राहा, सांधे आखडू देऊ नका. बसवा, उभं करा. आणि जे काम तो रोज करत होता तेच त्याच्याकडनं करून घ्या. किती परत येईल ते मी सांगू शकत नाही.”

धोंडूचं रोजचं काम म्हणजे नवलाई. गावदेवीचा तो गुरव. पहाटे विहिरीवर आपल्या हातानं आंघोळ करायची, ओलेत्यानं कळशी भरून गाभाऱ्यात न्यायची, उजव्या हातात आरती आणि डाव्या हातात घंटा. गुरवाशिवाय गाभाऱ्यात कुणी पाय ठेवायचा नाही, म्हणजे मदतीलाही कुणी नाही. अंगात आपली आपण ताकद नसेल तर देवीकडं जाताच येत नाही.

विठू गावकर, गावचा पहिला मानकरी, अंगणात उभा राहून बोलून गेला. “मथुरे, शिमग्यापातूर गंगाराम करील. पालखी उठायच्या आदी धोंडू आपल्या पायानं उभा रायला तं मान त्याचा. नायतं कायमचा गंगारामाकडं. देवी काय कुनाची वाट बगत नाय.”

गंगाराम मागं उभा राहून पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. त्याला ते हवंही होतं आणि हवं म्हणायची लाजही वाटत होती.

चोळायला गोदूबाय येऊ लागली. गावातल्या बाळंतिणींची पोरं चोळणारी म्हातारी, करंजाच्या तेलाची वाटी घेऊन बसायची. तान्ह्या मुलाचा हात छातीवरनं आडवा नेतात तसा धोंडूचा हात आडवा न्यायची, पाय पोटाशी दुमडायची, सोडायची.

“आयशीच्या मांडीवर ह्याला मीच चोळलंय,” ती मथुरेला म्हणे. “आता परत हाय तितंच आला.”

“तवा तरी हा हात माजाच व्हता काय, गोदूबाय?” धोंडू विचारी.

“तवा रडत व्हतास. आता चौकश्या करतोस. रडत व्हतास तेच बरं व्हतं.”

पायात हळूहळू जीव आला. मथुरेनं अंगणातल्या दोन माडांना कमरेइतक्या उंचीवर सुंभाचा दोर बांधला. त्याला धरून धोंडू एका माडापासनं दुसऱ्यापर्यंत जाई. पाऊल फरफटत टाकी, पण टाकी. घोटाळा निराळाच होता. घरात शिरताना त्याचा डावा खांदा दर वेळी चौकटीवर आपटे.

“चौकट कुनी सरकवलीन?”

“चौकट हाय तितंच हाय.”

“मग मी सरकलो काय?”

आंधळा म्हणावा तर उजवीकडं पानावरची मुंगी त्याला दिसे. बहिरा म्हणावा तर उजवीकडनं कुजबुजलेलं ऐकू येई. डावीकडनं हाक मारली की मात्र तो उजवीकडं वळून “कोन हाय?” विचारी आणि तिथं कुणी नाही म्हणून गप्प होई. मथुरेला कधी वाटे डोकं फिरलंय, कधी वाटे सोंग करतायत. कधी वाटे, देवीनंच अर्धा माणूस आपल्याकडं ठेवून घेतलाय, उरलेला घरी पाठवलाय. ह्यातलं एकही कुणाला विचारण्यासारखं नव्हतं.

आणि एक गोष्ट होती, जी तिनं कुणालाच सांगितली नव्हती. लग्न झाल्यापासनं ती नवऱ्याच्या मागनं त्याच्याच पानावर जेवायची, तशी रीतच होती. धोंडूचं पान उठलं की त्यावर मिठाचा कणही नसे, भुकेला गडी. पण आजारातनं बसता झाल्यापासनं तो पानावर अर्धा भात ठेवू लागला. बोटानं रेघ ओढून वाटणी करावी तसा अर्धा. माशाची तुकडी डावीकडं वाढली तर तीही ठेवी. बोलता न येणारी माया म्हणतात ती हीच असेल, असं तिला वाटलं. दुपारची वेळ झाली की ती जरा नीट विंचरून घेऊ लागली. पुढं तुकडीही मुद्दाम मोठी वाढू लागली.

डॉक्टरांनी रोजचं काम द्यायला सांगितलं होतं, म्हणून तिनं त्याच्यापुढं वडाची पानं आणि बांबूच्या काड्या टाकल्या. पत्रावळी लावणं हे गुरवाचं घरचंच काम. डाव्या हातानं पानं दाबून धरायची, उजव्यानं काडी टोचत गोल फिरायचं. डावा हात कसाबसा पानावर ठेवून दिला की त्याच्या वजनानं पान दबून राही. सकाळभर तो मन लावून बसला आणि मग म्हणाला, “झाली.”

मथुरेनं पत्रावळ उचलली. उजवीकडं पानावर पान नीट बसवलेलं, टाका जुन्या हाताचा. डावीकडं काहीच नाही. अष्टमीच्या चंद्रासारखी अर्धी.

“ही अर्धीच हाय.”

“अर्धी कुटं? गोल तं हाय.”

त्याच्या तोंडाकडं बघून तिला कळलं की तो खोटं बोलत नाही. त्याला ती गोलच दिसत होती. ती अर्धी पत्रावळ हातात धरून मथुरा उभी राहिली, आणि मग कुणी सांगायला लागलं नाही. तुकडी, भात, सगळं डोळ्यापुढं आलं. माया नव्हती ती. त्याला दिसतच नव्हता तो भात.

दुपारी तिनं पान वाढलं, त्यानं अर्धं संपवलं, आणि तिनं पान धरून फिरवलं. डावीकडचं उजवीकडं आलं.

“अगो, आनी वाढलंस कदी?” असं म्हणून तो सगळं जेवला. पानावर काही राहिलं नाही. मथुरा चुलीपुढं बसून कोरडी भाकरी चावत राहिली. आपल्याला नक्की कशाचं वाईट वाटतंय, तेही तिला धड कळेना.

त्या दिवसापासनं ती हट्टानं त्याच्या डावीकडनंच बोलू लागली. पाण्याचा तांब्या डावीकडं, काड्या डावीकडं, तीही डावीकडं. वासराच्या गळ्यातला घुंगूर तिनं त्याच्या डाव्या मनगटाला बांधला.

“मथुरे, वासरू सुटलंय.”

“वासरू दाव्याला हाय. तुमचा हात वाजतोय. शोदा.”

“कुटं शोदू?”

“मान फिरवा. फिरवा आनी. हात दिसंपातूर फिरवत ऱ्हावा.”

पहिल्यांदा हात दिसला तेव्हा तो घाबरलाच. ओळखीचं माणूस परगावी अचानक समोर यावं तसा त्याच्याकडं बघत राहिला. गोदूबाय म्हणाली, “रामराम घाल त्याला.” पण त्यानंतर तो मान फिरवायला शिकला. आपोआप होत नसे, आठवण करावी लागे. आठवण राहिली की चौकट लागत नसे, पत्रावळ गोल होई. विसरला की परत अर्धी.

माघ सरता सरता तो विहिरीवर आपल्या हातानं आंघोळ करू लागला. कळशी लहान घेतली. घंटा बोटांत धरता येऊ लागली, वाजायची मात्र आरतीच्या जरा मागनं, दमलेल्या माणसासारखी. विठू गावकरानं देवळात उभं राहून सगळी पूजा बघितली. “आपल्या पायानं आलान, आपल्या हातानं केलान,” तो म्हणाला. “मान धोंडूचा.” गंगारामानं सोवळं आणून दिलं, हसला, आणि पायऱ्या उतरताना हसायचा थांबला.

मग कौल लागू लागले, आणि गाव चक्रावलं.

नवलाईच्या दोन्ही खांद्यांवर ओली पाकळी चिकटवायची, गाऱ्हाणं घालायचं आणि थांबायचं. देवीच्या उजव्या खांद्यावरची आधी पडली तर होकार, डाव्या खांद्यावरची पडली तर नकार. गाभारा काळोखा, दार ठेंगणं, दारात गुरवाची पाठ. पाकळी त्यालाच दिसायची. बाहेरच्यांनी त्याच्या तोंडाकडं बघायचं.

पालखी पुनवेला उठवू का? धोंडू म्हणाला, डावी. दुसऱ्या दिवशी उठवू का? डावी. विठू गावकराच्या मुलीला मालगुंडचं स्थळ आलेलं, ते करू का? डावी. विहिरीतला गाळ काढू का? तीही डावी.

“गाळाला देवीची काय हरकत?” विठू म्हणाला. “कुनाचं काय चुकलंय गावात, बोला.”

कुणी म्हणालं सीमेवरचा नारळ चुकला, कुणी म्हणालं मुंबईकरांनी नवस फेडले नाहीत. गंगाराम सावकाश म्हणाला, “माज्या वक्ताला एवड्या डाव्या पडत नव्हत्या.”

मथुरा सभामंडपाच्या कडेला बायकांत बसलेली. गुरव देवीसमोर बसतो. म्हणजे देवीचा उजवा खांदा त्याच्या डावीकडं. होकाराची पाकळी पडत असेल तर ती पडते कुठं? ती त्याला दिसतच नाही, आणि मागनं दुसरी पडली की तो डावी म्हणतो.

सांगितलं तर मान जाणार. नाही सांगितलं तर विठूची मुलगी घरात राहणार, पालखी जागेवर राहणार. सकाळी विहिरीवर तिनं नवऱ्याला गाठलं, त्याच्या उजव्या अंगाला उभी राहून.

“तुमाला देवीचा उजवा खांदा दिसत नाय.”

धोंडूनं कळशी खाली ठेवली. “मला अख्खी देवी दिसते.”

“पत्रावळ पन अख्खी दिसत व्हती.”

“पत्रावळीचं न देवीचं एक करतेस?” तो चिडला, मग एकदम ढिला पडला. “मला अख्खं दिसतं गो. जे दिसत नाय ते दिसत नाय, हे मला कसं दिसावं?”

तिनं त्याच्या खांद्यावर पाणी ओतलं, डाव्या. त्यानं मान वळवून त्या खांद्याकडं बघितलं आणि कळशी उचलली.

त्याच सकाळी गावकरी जमले. विठूनं गाऱ्हाणं घातलं, “आई नवलाई, ह्या धोंडूची सेवा तुला पावते काय नाय, तेवडं सांग. नाय तं नाय म्हन.” गंगाराम खांबाला टेकून उभा होता. धोंडू वाकून आत गेला. पाकळ्या लावल्या. बसला.

समोर देवी होती, अख्खी. खांद्यावर पाकळी होती. पडत नव्हती. त्यानं वाट बघितली. मग त्यानं मनाशी म्हटलं, हात दिसंपातूर. आणि मान वळवली. आणखी वळवली. मांडीवर पडलेली घंटा दिसली, घंटा धरलेली बोटं दिसली, तिच्या पलीकडं देवीचा दुसरा खांदा दिसला, उघडा. पाकळी खाली दगडावर पडलेली होती, कडा सुकायला लागलेल्या. कधीची पडली होती कुणास ठाऊक.

धोंडू बाहेर आला. सगळे त्याच्या तोंडाकडं बघत होते आणि त्या तोंडावरनं काही कळत नव्हतं.

“उजवी पडली,” तो म्हणाला. “देवी म्हनते मी ऱ्हावं.”

मथुरेनं डोळे मिटले.

“पन ती पडताना मी बगितली नाय. मागनं बगितली. म्हंजे आदीच्याही पडल्या असतील. पालखीची, तुज्या मुलीची. मला ठावं नाय, विठू. मी डाव्या म्हनालो त्या डाव्या व्हत्या काय ते देवीलाच ठावं.”

मंडपात गडबड उडाली. देवी ज्याला राहा म्हणते त्याला देवी दिसत नाही. त्याला काढावा तर देवीचा होकार मोडतो, ठेवावा तर बाकीच्या होकारांचं काय? आणि हा होकार तरी खरा कशावरनं? म्हणून गंगारामाला आत पाठवलं. तो बाहेर आला, ओठ चावत. एक शब्द फिरवला असता तर देऊळ त्याचं होतं.

“उजवी,” गंगाराम म्हणाला. “उजवीच हाय.”

विठू गावकरानं डोक्यावरची टोपी काढली, आत बघितलं, जणू उत्तर टोपीत होतं, आणि परत घातली. “माजं डोकं चालत नाय. पूजा धोंडूची. कौलाला गंगाराम आत बसंल, ह्याच्या डाव्या अंगाला. देवीला खपलं तं खपलं.”

“ते दोन गुरव होतील,” कुणीतरी म्हणालं.

“दीड होतील,” गोदूबाय म्हणाली.

मग पालखीचा कौल परत लागला. दोघे भाऊ वाकून आत गेले, गुडघ्याला गुडघा लावून बसले. पाकळ्या लावल्या. बाहेर गाऱ्हाणं संपलं. थोड्या वेळानं गंगारामानं तोंड उघडलं.

“बोलू नको,” धोंडू म्हणाला. “मी बगतो.”

आणि तो मान वळवू लागला, सावकाश. गंगाराम गप्प बसला. उजवी पडलेली त्याला दिसली होती, बाहेरच्या सगळ्यांच्या आधी. बाहेर विठू दोनदा खाकरला, कुणी तरी विचारलं की काय चाललंय, आणि आत गंगाराम देवीकडं न बघता भावाच्या मानेकडं बघत राहिला, ती तिथपर्यंत पोचायची वाट बघत.