राकेलच्या कपातला फासा

रोज सकाळी दुकान उघडण्याआधी सीव लान्तो किल्ली कुलपात तशीच ठेवून रस्त्याकडे वळायची आणि समोरून जाणाऱ्या पहिल्या माणसाला एक नाव द्यायची, अन् एक गुन्हा. तोंडातल्या तोंडात. पोस्टमन दिसला, तर तो मालकाचा घोडा पत्त्यांत हरून पळालेला फरारी. बँकेतली मुलगी दिसली, तर तिने दोन नवरे पुरलेले, तिसरा अंथरुणावर. मग किल्ली फिरायची, दिवे लागायचे आणि सीव दिवसभर खाणगावातल्या बायकांचे केस कापत बसायची. बँकेतली ती मुलगी कधी आलीच, तर सीव तिच्यासाठी जरा जास्तच अदबीनं खुर्ची पुढे करायची.

गाव देशाच्या पार उत्तरेला, गेलिवारे शहराच्याही वरच्या अंगाला. खाणीनं खालून पोखरल्यामुळे अर्धी वस्ती उचलून टेकडीपलीकडे नेलेली. तिच्याबरोबर सीवचं दुकानही हललं होतं. नवरा नव्हता, मूल नव्हतं. त्याची खंत करत बसायला तिला सवड नसे, कारण तिच्याकडे गुरुवार होता.

गुरुवारी वाटाण्याचं सार आणि पॅनकेक खाऊन झाले, की वाचनालयाच्या वरच्या खोलीत टेबलाभोवती माणसं जमत. बूट बाहेर पॅसेजमध्ये, पायात लोकरीचे मोजे, मध्ये दालचिनीचे बन. खेळ वेस्टर्नचा, घोडे-पिस्तुलांच्या सिनेमांतल्यासारखा. एकानं बोलून बोलून मुलूख उभा करायचा: गाव, हवा, सावकार, शत्रू. बाकीच्यांनी त्या मुलखातली माणसं व्हायचं. काय करायचं ते ज्याचं त्यानं सांगायचं. नेम लागला की हुकला, ते फाशांनी. मुलूख उभा करणारी सीव होती. किती हिवाळे, ते आता कुणी मोजत नव्हतं. तिचा मुलूख म्हणजे रुपेरी खिंड, डोंगरातलं चांदीच्या खाणीचं गाव. बर्फात रुतलेल्या गाड्या, दोन घराण्यांचं वैर, आणि दारूच्या गुत्त्याबाहेर बुटांची रांग. कुणाचे बूट बाहेर आहेत, यावरून आत कोण बसलंय ते कळायचं. एकदा खेळणाऱ्यांतल्या बिर्गरचा खुनी घाईत दुसऱ्याचे बूट चढवून पळाला आणि त्यावरून पुढचे तीन गुरुवार रंगले.

दर शरदात नव्या हिवाळ्याचा मुलूख आणि खेळण्याची तऱ्हा ठरवायची रीत होती. ज्याला खेळ चालवायचाय त्यानं एक संध्याकाळ नमुना दाखवायचा. मग कॉफी झाल्यावर उमेदवारांचे रिकामे कप खिडकीत ठेवायचे आणि बाकीच्यांपैकी ज्याला जो पटला त्याच्या कपात त्यानं आपला फासा टाकायचा. रीत नावालाच उरली होती. बिर्गर, जो खनिजाची आगगाडी चालवायचा, दरवर्षी म्हणायचा, "यंदा रेल्वेवर दरोडा घेऊ या." त्याची बायको आस्ता म्हणायची, "यंदा भुतं घेऊ या." यिल्वा नावाची तरुण शिक्षिका म्हणायची, "यंदा खरं खरं घेऊ या, रोगराई वगैरे." आणि खाणीतून निवृत्त झालेला एवर्ट काहीच म्हणायचा नाही. मग सगळे फासे सीवच्या एकट्या कपात पडायचे.

त्या वर्षी ऑगस्टमध्ये सीवची धाकटी बहीण राकेल राजधानीतला संसार मोडून गावी परतली. सकाळी किल्ली कुलपात ठेवून सीव वळली, तर समोरून येणारं पहिलं माणूस राकेलच. सीव बघत राहिली. तिला ना नाव सुचलं, ना गुन्हा.

राकेलला गुरुवारच्या खेळाला घेऊन गेली ती सीवच. एकटी पडलीये बिचारी, म्हणून. चार गुरुवारांत आस्ता राकेलसाठी कोपऱ्यातली गादीची खुर्ची राखू लागली. पाचव्या गुरुवारी, ऑक्टोबरच्या पहिल्या बर्फाला, राकेल म्हणाली, "यंदा मीही एक मुलूख दाखवू का?"

"दाखव की," सीव म्हणाली. बन कापायची सुरी तिनं जरा जोरातच खाली ठेवली.

राकेलची संध्याकाळ आली. सीव समोरच्या खुर्चीवर हात बांधून बसली. त्या बाजूनं टेबल तिनं कधी पाहिलंच नव्हतं.

"मुलूख कुठला?" यिल्वानं विचारलं.

"दक्षिणेची सरहद्द. पाऊस नाही. एक विहीर, आणि विहिरीला एक मालक."

"तऱ्हा?"

"कमी बोलायचं. गोळी लागली की मेला. पुन्हा उठायचं नाही."

"आणि भुतं?" आस्तानं आशेनं विचारलं.

"तिथं भुतांनाही तहान लागते."

आस्ता खुर्चीत सरसावून बसली. यात काय मोठं, सीवच्या मनात आलं. ऊन सांगायला काय लागतं? बर्फ सांगून दाखव म्हणावं. पण राकेल बोलत गेली, हळू, मधेमधे थांबत, आणि थोड्या वेळानं बिर्गरनं स्वेटरची बटणं सोडली. यिल्वा पाणी प्यायली, पुन्हा भरून प्यायली. खिडकीबाहेर बर्फ पडत होता आणि सीवची स्वतःची मान ओली झाली होती. तिला त्या मानेचाच राग आला.

मग एवर्टची पाळी आली. एवर्ट दरवर्षी एकच माणूस खेळायचा: अबोल नेमबाज. तो विहिरीच्या मालकाच्या गुत्त्यात शिरला. "मी दार ढकलतो," तो म्हणाला. "आत येतो. बूट काढतो."

राकेलला हसू फुटलं. "एवर्ट! अरे माणूस मारायला आलायस की आत्याकडे जेवायला?"

मग सगळेच हसले. बिर्गर टेबलावर थापा मारत म्हणाला, "खरंच की! त्या मुलखात बूट कोण काढतं? आणि आम्ही इतकी वर्षं रांगा लावतोय!" एवर्टचे कान लाल झाले. तो आपल्या मोज्यांकडे बघत राहिला.

सीव खुर्चीत पुढे सरकली. सापडली. एवर्टला हसलीस ना, आता भोग. आमच्या मुलखात काढतात बूट, असं ठणकावून सांगायला तिनं तोंड उघडलंसुद्धा.

पण राकेलचं हसू मधेच थांबलं होतं. ती एवर्टकडे बघत होती. मग तिनं कोपरं टेबलावर टेकली आणि आवाज अगदी खाली आणला.

"थांब. काढ बूट. एक. आता दुसरा. गुत्त्यातलं बोलणं बंद पडलंय. या गावात कुणी झोपतानाही बूट काढत नाही, विंचू असतात. इथं अनवाणी उभा राहणारा माणूस एक तर वेडा, नाही तर त्याला इथून पळायचं नाहीये. मालक तुझ्या पायांकडे बघतोय, एवर्ट. विचारतोय: तू यातला कोणता?"

एवर्टनं फासा हातात घेतला, पण टाकला नाही. कितीतरी वेळानं म्हणाला, "मला पळायचं नाहीये."

"मालक आपलं पिस्तूल टेबलावर ठेवतो," राकेल म्हणाली. "आणि तुझ्यासाठी पाणी मागवतो."

फासा पडलाच नाही. आस्तानं डोळे पुसले आणि बर्फामुळे पाणी आलं म्हणाली.

सीवला रुपेरी खिंडीतली बुटांची रांग आठवली. ती रांग तिची होती. वर्षानुवर्षं तिनं ते बूट दाराबाहेर मांडले, पण कुणी बूट का काढावेत, हे तिनं एकदाही कुणाला विचारलं नव्हतं. घरी काढतात म्हणून काढायचे, इतकंच. आणि राकेलनं आल्या आल्या ते उचलले आणि त्यांत एक अख्खा माणूस उभा केला. लहानपणीही हेच. अंथरुणात गोष्टी रचायची सीव. दुसऱ्या दिवशी त्या शाळेत सांगायची राकेल, आणि मुली गोळा व्हायच्या राकेलभोवती. आई म्हणायची, "राकेल किती छान सांगते नाही?" सीव शेजारी बसून बटाटे सोलत असायची.

कॉफी झाली. दोन कप खिडकीत ठेवले. एकेकजण उठून पाठमोरा उभा राहिला आणि परत आला. कुणी बघत नाही, अशी रीत. पण चिनी मातीच्या कपात फासा पडला की ऐकू येतोच. सीवच्या कपात तीन. राकेलच्या कपात एक, कोपरे झिजलेला, पिवळट. एवर्टचा.

"तुझ्याशिवाय हिवाळा सरायचा कसा, सीव!" बिर्गर म्हणाला. "आणि त्या विहिरीत मी आगगाडी कुठं घालू?"

"आणि सीवचे बन," आस्ता म्हणाली.

राकेल उठली, बहिणीच्या गळ्यात पडली, "शाब्बास गं" म्हणाली. आणि ते तिनं मनापासून म्हटलं, म्हणून सीवला ते अधिकच झोंबलं. कप विसळायला घेताना सीवनं राकेलच्या कपातला तो फासा तळहातावर घेतला. एवर्ट पुढे येऊन उभा राहिला, तेव्हा तिला तो परत द्यावाच लागला.

त्या हिवाळ्यात रुपेरी खिंड तिच्या तोंडात निवून गेली. तिनं खिंडीत उन्हाळा आणून पाहिला, झरे आटवले, गुरं मारली. बिर्गरनं काढलेला स्वेटर पुन्हा चढवला. राकेल एका गाडीवानाची विधवा खेळायची, चोख, कुणाच्याही मध्ये न येता. तेही सीवला सहन होईना. आणि एवर्ट गुत्त्याच्या दाराशी आला की नेहमीसारखंच म्हणायचा, "बूट काढतो." पण आता म्हणून झाल्यावर मान वर करायचा आणि सीवकडे बघत थांबायचा. कुणीतरी काहीतरी विचारील म्हणून. सीव आपला प्रश्न शोधायची. सापडायचा तो राकेलचाच असायचा. मग ती म्हणायची, "बरं, काढलेस. बस." आणि एवर्ट बसायचा.

फेब्रुवारीत, सूर्य टेकडीवर जरा वेळ टेकायला लागला तेव्हा, एका रविवारी सीव राकेलच्या घरी गेली. कोट न काढताच म्हणाली, "ते ऊन तू कसं केलंस?"

"कुठलं ऊन?"

"वेड पांघरू नकोस. ऑक्टोबरातलं. माझी मान भिजली होती."

राकेलनं तिकडच्या रीतीप्रमाणे कॉफीत चीजचे तुकडे सोडले आणि कप पुढे सरकवला. "भीती वाटत होती गं मला. तू समोर हात बांधून बसलेलीस, थेट आईसारखी. मला दरदरून घाम फुटला. म्हटलं, हा वाया कशाला घालवू? आहे तसाच वाढला सगळ्यांना."

सीवनं चीजचा तुकडा चावला, बराच वेळ. "म्हणजे ऊन माझंच होतं."

"हो बाई, ऊन तुझंच. झालं समाधान?"

"नाही."

"अगं, जिंकलीस ना तू? सगळा हिवाळा तुझा आहे. आणखी काय हवंय तुला?"

"एवर्टचा फासा."

राकेल हसणार होती, पण बहिणीचं तोंड बघून हसली नाही. "माग ना मग त्याच्याकडे."

"तो काय मागून मिळतो?"

चुलीवरची किटली कुरकुरत होती. राकेल म्हणाली, "मला एक विचारू दे. तो बूट काढतो तेव्हा तू त्याला काय विचारतेस?"

"बस म्हणते."

"का?"

"कारण पुढचं तू विचारलेलं आहेस!" सीव एकदम ओरडली. "ते माझं होतं, आणि आता तिथं पाय ठेवायला जागा नाही. तू येतेस आणि जागाच उरत नाही, राकेल. शाळेत तेच, घरात तेच."

राकेलनं आपला कप खाली ठेवला. मग म्हणाली, "शाळेत मी तुझ्याच गोष्टी सांगायचे. माझ्याकडे स्वतःची एकही नव्हती. आजही तुझे बूट नसते, तर माझी ती विहीर कोरडीच होती. तुला वाटतं, मला ते कळत नाही?"

हे ऐकून सीवला बरं वाटायला हवं होतं. वाटलंही, रस्त्याच्या वळणापर्यंत. वळणावर तिला जाणवलं, की हेसुद्धा राकेलनंच किती नेमकं सांगितलं.

पुढच्या गुरुवारी ती खोलीत आली आणि नेहमीची खुर्ची सोडून आस्ताच्या शेजारी बसली. "पुढचं राकेल चालवील," ती म्हणाली. "माझा घसा बसलाय."

घसा खणखणीत होता. सगळ्यांनी तो ऐकला. बिर्गरनं फक्त विचारलं, "बन तरी आणलेस ना?"

त्यानंतर दोन हिवाळे सीव राकेलच्या टेबलावर खेळली. टपालगाडी हाकणारी एक म्हातारी, जिला कुणाचंच म्हणणं पटत नसे आणि जी काही केल्या मरत नसे. राकेलच्या प्रत्येक मुलखात ती खोट काढायची. "एवढ्या उतारावर घोडे असे वळत नाहीत." "हा सावकार फारच गोड बोलतो." निम्म्या वेळा तिचं बरोबर असायचं, आणि मग राकेल म्हणायची, "बरं, मग कसे वळतात?" सीव सांगायची. सांगता सांगता खुर्चीतून उठायची, हातांनी लगाम ओढायची, आणि एवर्ट फासे खाली ठेवून ऐकत राहायचा. घरी गेल्यावर मात्र तिचा जीव जळायचाच. वाचनालयातल्या मुलीला तिनं एकदा केस कापता कापता सांगितलं होतं, "बहीण चांगली असू नये. बरी असावी."

दुसऱ्या हिवाळ्याच्या अखेरीस, एका शुक्रवारी, सीव दुकानातच वारली. कंगवे पाण्यात घालताना. राकेल अजून तिच्या शेवटच्या शब्दांचं सांगते, ते आदल्या संध्याकाळचे. खेळ संपला होता. त्या दिवशी टपालगाडीवाल्या म्हातारीनं सगळ्या टोळीला पुरातून बाहेर काढलं होतं आणि आस्तानं टाळ्या वाजवल्या होत्या. दोघी बहिणी पॅसेजमध्ये बूट चढवत होत्या. राकेल म्हणाली, "आज तू सगळ्यांना खाऊन टाकलंस, सीव." सीवनं नाडी बांधली, सरळ उभी राहिली आणि दिव्याखाली बहिणीकडे डोळे बारीक करून बघितलं.

"शनिवारी दुकानात ये. पुढचे केस वाढलेत तुझे, अजिबात शोभत नाहीत."