कुरवाच्या शेपटीवरची काळी पट्टी

तीनेक आठवड्यांपूर्वी अकोल्याच्या जठारपेठेत भाजी घेत असताना एका जुन्या वर्गमित्राने सांगितलं, "अरे, आपले खेडकर सर गेले." पिशवी हातात तशीच घेऊन मी अमरावतीची एस.टी. धरली...

सर आम्हाला कॉलेजात प्राणिशास्त्र शिकवत. माझ्या घरात माझ्याआधी कुणी सातवीही पाहिली नव्हती. हिवाळ्यात गावाबाहेरच्या तलावावर कुरव पक्षी उतरत. काही पांढऱ्या शेपटीचे, तर काहींच्या शेपटीवर काळी पट्टी आणि पंखांवर तपकिरी डाग. सर सांगत, या दोन वेगळ्या जाती. एकदा मी धीर करून उठलो. "सर, थे पिल्लं असतीन तं? आमच्या घरी कोंबडीचं पिल्लूबी पयले येगळंच दिसते." मागच्या बाकावरून आवाज आला, "सर, याले कोंबड्याइचाच पेपर द्या!" वर्ग हसला. सर हसले नाहीत.

रविवारी त्यांनी मला तलावावर बोलावलं. तिथे मासे धरणाऱ्या श्यामराव भोयाच्या जाळ्यात काळ्या पट्टीचे सात कुरव सापडले. सरांनी त्यांच्या पायांत नंबर ठोकलेल्या ॲल्युमिनियमच्या कड्या घातल्या. "पुढच्या हिवाळ्यात यातला एक जरी पांढऱ्या शेपटीनं परतला, तर मी चुकलो."

"अन् नाई आला तं?" श्यामरावाने विचारलं.

"तर त्याच्या पुढच्या हिवाळ्यात पाहू."

पुढचा हिवाळा सरत आला तरी कडीवालं पाखरू दिसेना. दर रविवारी आम्ही सायकलवर जायचो, रिकाम्या हाताने परतायचो. अखेर माघात श्यामराव कॉलेजच्या फाटकातूनच ओरडत आला, "मास्तर, चाला लौकर! तुमचं पाखरू जाळ्यात हाय!" नंबर आमचाच होता. पट्टीची पिसं गळून शेपूट पांढरीशुभ्र झाली होती.

दुसऱ्या दिवशी सर वर्गात म्हणाले, "मी चुकीचं शिकवलं. हा बरोबर होता." आज मी अकोल्यात शिकवतो, ते त्या वाक्याच्या बळावर.

मला वाटलं, विषय संपला. पण सरांनी जुने हजेरीपट काढले आणि पास होऊन गेलेल्या एकेका मुलाला पोस्टकार्ड लिहायला घेतलं... पट्टीवाला कुरव वेगळ्या जातीचा नाही, तो तरुण पक्षी आहे, दुरुस्ती करून घ्यावी.

"सर, कोणाले आठवते आता थे?"

"एक जण धारणीच्या शाळेत मास्तर आहे. तो मुलांना हेच सांगत असेल तर?"

परत आलेल्या कार्डांचे नवे पत्ते शोधून ते पुन्हा लिहीत.

परवा त्यांच्या मुलीने ते हजेरीपट माझ्याकडे दिले. उत्तर आलेल्या नावांपुढे बारीक खूण आहे. दोन नावं अजून कोरी आहेत. त्यातला एक रेल्वेत लागला होता, एवढं कळलंय. मी पोस्टकार्डं आणून ठेवली आहेत.